दात वाकडे, म्हणून डोकं दुखतं?

चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसणं, जुळत नाही म्हणून जबडा, डोकं, मान दुखते, हा समज जुनाच. १९३४ मध्ये अमेरिकेतले कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी कान-जबड्याच्या दुखण्याचं खापर पडलेल्या दाढांवर आणि बिघडलेल्या चाव्यावर फोडलं. पुढच्या संशोधनात हा संबंध फारच कच्चा ठरला. वाकड्या दातांची कितीतरी माणसं आयुष्यभर बिनतक्रार भाकरी चावतात; सरळ दातवाल्यांचेही जबडे दुखतात! बहुतेकदा मुळाशी दात आवळण्याची सवय, ताण, अपुरी झोप, थकलेले स्नायू असतात. नवी कॅप उंच बसली असेल तर ती दंतवैद्याकडून जरूर घासून घ्या. एरवी मऊ जेवण, गरम शेक, जबड्याचे व्यायाम आधी. निव्वळ दुखण्यासाठी निरोगी दात यंत्रानं घासून कमी करू देऊ नका. घासलेलं एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, पुन्हा येत नाही.