लॅमिनार प्रवाह टर्ब्युलंट होतो तो नेमका कुठे?

जाळी नसलेला नळ अगदी हळू सोडून बघा, धार काचेच्या कांडीसारखी दिसते, हलतेय असंही वाटत नाही. जरा जास्त सोडला की तीच धार खरखरीत. पहिला प्रवाह लॅमिनार, म्हणजे थर एकमेकांत न मिसळता वाहणारा, दुसरा टर्ब्युलंट, म्हणजे खळबळीचा. मँचेस्टरला ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची बारीक रेघ सोडून हेच दाखवलं, आणि वेग, व्यास, पाण्याचा चिकटपणा या सगळ्यांचा मिळून एक आकडा काढला, तोच रेनॉल्ड्स नंबर. पाईपमध्ये तो साधारण २००० च्या वर गेला की गडबड सुरू होऊ शकते, पण पाणी शांत ठेवून रेनॉल्ड्सने १२००० च्या आसपास जाईपर्यंत प्रवाह लॅमिनार ठेवला होता! म्हणजे ठरलेला असा आकडा नाहीच, आधीची खळबळ किती आहे त्यावर सगळं.

सीएफडीवाल्यांची, म्हणजे कॉम्प्युटरवर प्रवाहाचं गणित करणाऱ्यांची, खरी डोकेदुखी इथेच आहे. के-एप्सिलॉनसारखी टर्ब्युलन्सची नेहमीची मॉडेल्स पृष्ठभागालगतचा थर, म्हणजे बाऊंडरी लेयर, जवळपास सुरुवातीपासूनच टर्ब्युलंट धरतात. ट्रकसाठी ते चालून जातं, पण ग्लायडरचा पंख किंवा पवनचक्कीचं पातं असेल तर नाही, कारण रेनॉल्ड्स नंबर (इथे व्यासाऐवजी पट्टीची लांबी धरून) १० लाख असताना सपाट पट्टीवरचं टर्ब्युलंट घर्षण लॅमिनारच्या सुमारे साडेतीन पट असतं.

बरं, हा बदल एका रेषेवर होत नाही. १९५१ मध्ये एमन्स या संशोधकाने पाण्याच्या पातळ थरात पाहिलं की टर्ब्युलन्सचे ठिपके इकडेतिकडे उमटतात, वाहत वाहत मोठे होतात आणि एकमेकांत मिसळतात. मग बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सतीश धवन (हो, पुढे इस्रोचे अध्यक्ष झाले तेच) आणि रोद्दम नरसिंह यांनी, एखाद्या जागी प्रवाह किती वेळ टर्ब्युलंट असतो ते प्रमाण, म्हणजे गॅमा, ० पासून १ पर्यंत कसं चढतं याचं सूत्र १९५८ च्या पेपरमध्ये मांडलं. मला हे काम फार मोठं वाटतं, कारण आज सॉफ्टवेअरमध्ये ट्रान्झिशनचं (लॅमिनारचा टर्ब्युलंट होण्याचं) मॉडेल ऑन केलं की आत बहुतेक वेळा गॅमाच असतो.

लँगट्री आणि मेंटर यांचं मॉडेल २००४ पासून येत गेलं, त्यातली आयडिया तर जबरदस्त आहे. ट्रान्झिशन कधी सुरू होणार हे सांगणारी सूत्रं मोमेंटम थिकनेस (थरामुळे प्रवाहाचा संवेग किती घटला ते सांगणारी जाडी) मागतात, ती काढायला भिंतीपासून वरपर्यंत सगळा थर बघावा लागतो, पण कोट्यवधी सेलच्या मेशमध्ये (गणितासाठी जागेचे बारीक तुकडे पाडलेल्या जाळीत) एका सेलला फक्त शेजारच्या सेलची खबर असते. म्हणून त्यांनी प्रत्येक सेलमध्ये जागच्या जागी निघणारा, व्होर्टिसिटीवरचा (प्रवाह त्या जागी किती गरगरतो त्यावरचा) एक रेनॉल्ड्स नंबर घेतला, थरातली त्याची सर्वात मोठी किंमत घेऊन २.१९३ ने भागली की साध्या लॅमिनार थरात हवा तो आकडा मिळतो. मग गॅमा टर्ब्युलन्सच्या निर्मितीला गुणतो, शून्य असेल तिथे निर्मिती बंद.

एक सांभाळा मात्र. इनलेटला, म्हणजे गणितात हवा आत येते त्या कडेला, ३ टक्के टर्ब्युलन्स (सरासरी वेगाच्या ३ टक्के चढउतार) दिला तरी तो पात्यापर्यंत पोचेपर्यंत बराच विरतो, मग ट्रान्झिशन खूप मागे सरकलेलं दिसतं आणि आपण मॉडेलला दोष देत बसतो. आधी पात्याच्या पुढच्या कडेपाशी किती टक्के उरलाय ते प्लॉट करून बघा.