चिखल, चाक आणि ट्रॅक्टरचं पेडल

पावसाळ्यात मावळातल्या कच्च्या वाटांवर हे दृश्य हमखास दिसतं. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी तिरकी होऊन अडकली आहे. मागचं डावं आणि पुढचं उजवं, अशी तिरप्या रेषेतली दोन चाकं अधांतरी लोंबकळत गरागरा फिरताहेत. उरलेली दोन घट्ट दगडावर टेकली आहेत, पण जागची हलत नाहीत. अ‍ॅक्सिलरेटर जितका दाबावा तितकी लोंबकळणारी चाकं जोरात फिरतात, दगडावरची ढिम्म. बाजूला उभं असलेलं कोणीतरी म्हणतं, "टायर मोठे टाक, मग बघ!"

हा सल्ला मला पटत नाही. दगडावरच्या चाकांना पकड भरपूर आहे, त्यांच्यापर्यंत जोरच पोचत नाही. आणि तो का पोचत नाही, याचं कारण घाटातल्या वळणात आहे.

घाटात गाडीचं तोंड पूर्ण उलट दिशेला फिरतं, अशा वळणात बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं, तर अर्ध्या वर्तुळात हा फरक सुमारे 4.7 मीटर येतो. वळण मोठं असो वा लहान, फरक तेवढाच. बैलगाडीला याची अडचण नव्हती, कारण तिची दोन्ही चाकं कण्यावर आपापली मोकळी फिरतात. इंजिनाने चाकं फिरवायची म्हटल्यावर मात्र पेच आला. दोन्ही चाकांना जोर तर द्यायचा, पण वेगवेगळ्या वेगाने फिरायची मुभाही ठेवायची. पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने 1820 च्या दशकात वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची जी जुळणी केली, तिच्यातून आजचा डिफरन्शियल आला.

या जुळणीचा एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना वेग वेगळा देतो, पण फिरवणारा जोर, म्हणजे टॉर्क, कायम सारखाच देतो. अधांतरी चाक फिरवायला जवळजवळ काहीच जोर लागत नाही. मग दगडावरच्या चाकालाही तितकाच, म्हणजे जवळजवळ शून्य जोर मिळतो. इंजिन कितीही ताकदीचं असो, एक्सलवरच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या कण्यावरच्या, दुबळ्या चाकाला जेवढं पेलवेल तेवढंच दुसऱ्याच्या वाट्याला येतं. फोर बाय फोरच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलवर वेगळा डिफरन्शियल असतो, म्हणून दोन्हींवरचं एकेक चाक लोंबकळलं की चारही चाकांचा जोर जातो.

यावरचा उपाय आपल्याकडच्या शेतकऱ्यांच्या पायाखाली कधीपासूनच आहे. नांगरट करताना ट्रॅक्टरचं एक चाक घसरायला लागलं की चालक डिफरन्शियल लॉकचं पेडल दाबतो. दोन्ही चाकं जणू एकाच दांड्यावर बसवल्यासारखी एकत्र फिरू लागतात आणि ट्रॅक्टर निघतो. पेडल सोडलं की पुन्हा वळायला मोकळा. शिवाय ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे ब्रेक वेगळे असतात. घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलकेच दाबला, तर ते फिरवायला जास्त जोर लागतो, आणि टॉर्क सारखा वाटण्याच्या त्याच नियमाने दुसऱ्या चाकालाही जास्त जोर मिळतो. आजच्या अनेक गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नेमकं हेच करते, फक्त ब्रेक संगणक दाबतो. मारुतीच्या जिम्नीत हीच पद्धत आहे. ती बरीच उपयोगी आहे, पण चाक आधी घसरावं लागतं आणि लांबच्या चढावर ब्रेक तापतात.

पुण्याच्या फोर्स कंपनीच्या गुरखात पुढच्या आणि मागच्या, दोन्ही एक्सलना चालकाने हाताने लावायचे लॉक आहेत. महिंद्राच्या थारमध्ये, काही प्रकारांत, मागच्या एक्सलला आपोआप लागणारा यांत्रिक लॉक मिळतो. दोन चाकांच्या फेऱ्यांत ठरावीक फरक पडला की तो स्वतःच लागतो. मला हाताने लावायचा लॉक जास्त आवडतो, कारण अडथळा समोर दिसताच, चाक घसरायच्या आत तो लावता येतो. लिमिटेड स्लिप, म्हणजे घसरण मर्यादेत ठेवणाऱ्या डिफरन्शियलचाही एक प्रकार आहे. त्यातली निव्वळ गिअरवर चालणारी जात दुबळ्या चाकाच्या टॉर्कच्या काही पट टॉर्क सबळ चाकाला देते. ओल्या डांबरावर ती छान काम करते, पण चाक हवेत लटकलं की शून्याची कितीही पट केली तरी शून्यच.

लॉकचे धोकेही माहीत हवेत. कोरड्या डांबरावर तो लावून वळलात, तर ते 4.7 मीटर कुठून तरी निघावेच लागतात. टायर फरफटतात किंवा एक्सलच्या दांड्याला पीळ बसतो. पुढचा लॉक लावल्यावर स्टिअरिंग इतकं जड होतं की सरळ जातानाच तो वापरावा. आणि ओल्या आडव्या उतारावरून जाताना तर लॉक काढलेलाच बरा. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरत असताना दुसरं जमीन धरून राहतं. लॉक असेल तर दोन्ही एकदम सुटतात आणि गाडीची शेपूट उताराकडे सरकते.

आता टायर. बाजूवर लिहिलेले आकडे वाचता आले की निम्मं काम होतं. 255/65 आर 18 म्हणजे रुंदी 255 मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 65 टक्के, आणि रिम 18 इंची. थारला या मापाचे टायर येतात, तसेच 245/75 आर 16 चेही. हिशेब केला तर पहिल्याची भिंत सुमारे 166 मिलिमीटर, दुसऱ्याची 184. मोठ्या रिमचा टायर शोरूममध्ये रुबाबदार दिसतो, पण खडकाळ वाटेसाठी मी डोळे झाकून 16 इंची निवडेन. हवा कमी केल्यावर दबायला रबर हवं, आणि ते त्यात जास्त आहे.

त्याच 16 इंची रिमवर 285/75 चा टायर चढवला तर व्यास 774 वरून 834 मिलिमीटर होतो. सगळा खटाटोप करून एक्सल जमिनीपासून उचलला जातो फक्त 30 मिलिमीटर, कारण वाढ त्रिज्येतली मोजायची असते. 150 मिलिमीटर उंचीचा धोंडा आधीच्या चाकाला 52 अंशांच्या चढासारखा भेटतो, मोठ्याला 50 अंशांच्या. किंमत मात्र चहूबाजूंनी मोजावी लागते. जमिनीवर मिळणारा जोर सुमारे 7 टक्क्यांनी घटतो. स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 86 च्या वेगाने धावत असते. चाक जड झाल्याने ब्रेकवर ताण येतो, स्टिअरिंग वळवताना टायर आतून घासतो. शिवाय घसरणं हा एक प्रकारचा फ्यूज असतो. मोठ्या टायरची पकड आणि लॉक एकत्र आले की तो फ्यूज निघून जातो, एकाच दांड्यावर सगळा जोर येऊ शकतो आणि तुटायची वेळ एक्सलवर येते. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हेही टायर घेण्याआधी पाहावं.

याउलट हवा कमी करायला पैसा लागत नाही. पावणेदोन टनांच्या गाडीच्या एका चाकावर साधारण 437 किलो भार येतो. टायरमध्ये 32 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा असेल तर ढोबळ हिशेबाने जमिनीला टेकणारा भाग 195 चौरस सेंटिमीटरचा, आणि 18 पीएसआयवर 345 चा. हा भाग रुंदीपेक्षा लांबीत वाढतो, टायर दगडाला कवटाळतो, वाळूत गाडी रुतण्याऐवजी वर राहते. अशा वेळी वेग कमी ठेवावा आणि झटका देऊन वळू नये, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. डांबरी रस्ता लागण्याआधी हवा पुन्हा भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच.

रुंद टायर सगळीकडे चांगला, हाही एक गैरसमज. वर पातळ चिखल आणि खाली कठीण तळ असेल, तर अरुंद टायर चिखल कापून तळाला भिडतो आणि रुंद टायर वरच्या वर तरंगत घसरतो. देशावरची काळी माती मात्र टायरच्या नक्षीत भरून बसते आणि टायर गुळगुळीत करून टाकते. तिथे मापापेक्षा नक्षीतल्या मोकळ्या जागेला महत्त्व आहे. खाचा रुंद असतील तर फिरता टायर चिखल झटकून टाकतो. भातखाचरात चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी पिंजऱ्याची चाकं लावतात, त्यांची मोकळी रचना बघितली की हे लगेच समजतं.

लॉक लावलेली गाडी लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त देणाऱ्या गिअरमध्ये, पायी चालण्याच्या वेगाने चढून जाते, चाक न घसरता. गरगर फिरणारं चाक मात्र वरचं गवत आणि मुळांचा थर खरवडून काढतं. त्याने पाडलेल्या चाकोरीत पुढच्या सरीचं पाणी उतरतं, आणि सह्याद्रीच्या उतारावर दोन-तीन पावसाळ्यांत त्या चाकोरीची घळ होते.