झीज कमी, गॅरेजचं काय?

'चाकाला डायनामो बसवा, विजेची स्कूटर पळता पळता चार्ज होते, कंपन्या हे लपवतात,' असे मेसेज पुण्यातल्या शिकल्यासवरल्या ग्रुपांवरही फिरतात. तो डायनामो फिरवायची ऊर्जा बॅटरीतूनच जाणार आणि परत येताना थोडी वाटेत मुरणार. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधूनही यात फरक पडत नाही.

गंमत म्हणजे विजेच्या स्कूटरमध्ये डायनामो आधीपासूनच असतो, तिची मोटरच! कात्रजचा घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की उलट चाकच मोटरला फिरवू लागतं. तारेच्या वेटोळ्यांजवळून चुंबक फिरला की त्यांत विद्युतदाब तयार होतो, हे फॅरेडेने 1831 मध्ये दाखवलं. त्यातून वाहणारा प्रवाह त्या फिरण्यालाच विरोध करतो, हे लेन्झने 1834 मध्ये मांडलं. हा विरोध म्हणजेच ब्रेक. पण हळू फिरणाऱ्या मोटरचा दाब बॅटरीपेक्षा कमी, मग चार्ज आत शिरणार कसा? मोटरचा प्रवाह सांभाळणाऱ्या डब्यातले, म्हणजे कंट्रोलरमधले मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) मोटरची वेटोळी सेकंदाला हजारो वेळा शॉर्ट करून सोडतात. शॉर्ट असताना प्रवाह वाढतो. सोडल्यावर वेटोळं तो एकदम तुटू देत नाही, दाब उसळून बॅटरीच्या वर जातो आणि चार्ज आत ढकलला जातो. मिळकत किती? स्वारासह 200 किलोची स्कूटर 100 मीटर खाली उतरली तर फार तर 54 वॉट-तास. जेमतेम दोन किलोमीटरची सोय.

खरी कमाई वेगळीच आहे. ब्रेक-लायनर कमी झिजतात, त्यांची धूळ कमी उडते. इंजिन ऑइल, प्लग, एअर फिल्टर तर नाहीतच. आणि नाना पेठेतली सुट्या भागांची दुकानं, गल्लोगल्लीची गॅरेजं जगतात ती नेमकी या झिजेवर.

बरं, 'शून्य प्रदूषण' ही निव्वळ जाहिरातबाजी. लिटरला 45 किलोमीटर देणारी पेट्रोल स्कूटर 100 किलोमीटरला सुमारे 5 किलो कार्बन डायऑक्साइड सोडते. विजेच्या स्कूटरला तेवढ्यासाठी साधारण 3 युनिट लागतात. आपली वीज बरीचशी कोळशाची, युनिटमागे 0.7 किलोच्या आसपास. म्हणजे 2 किलो झालेच, बॅटरी बनवतानाचा धूर वेगळा.

फिटरकडे उरतात टायर, बेअरिंग, शॉकअप आणि जळालेले मॉस्फेट. मल्टीमीटर आणि सोल्डरिंग येणाऱ्या पोराला मॉस्फेट बदलणं अवघड नाही. पण बरेच कंट्रोलर रेझिन ओतून बंद केलेले, सर्किटचा नकाशा कंपनीच्या कपाटात. मग अख्खा कंट्रोलर बदलायचा आणि जुना ई-कचऱ्यात. कंपन्यांना तो नकाशा गॅरेजला द्यायला लावावा, असं माझं मत आहे.