समानुभवी आधार

मानसिक आजार स्वतः भोगून सावरलेल्या व्यक्तीने तशाच आजारातून जाणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला अनुभवाच्या बळावर दिलेली साथ. ती स्वमदत गटात परस्परांना मिळते किंवा आरोग्यसेवेतील पगारी कार्यकर्ता ती देतो.

या पद्धतीचा उगम बहुधा पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात दाखवला जातो. झां-बातीस्त प्यूसँ हा तेथील मनोरुग्ण विभागाचा प्रमुख शक्यतो बऱ्या झालेल्या रुग्णांमधूनच सेवक निवडी. ते अधिक सौम्य व माणुसकीने वागणारे असतात, असे त्याने फिलीप पीनेल या वैद्याला एका टिपणातून कळवले होते. हे टिपण काही अभ्यासक १७९३ चे, म्हणजे पीनेल तेथे रुजू झाला त्या वर्षीचे मानतात. ते १७९७ च्या सुमाराचे असणे अधिक संभवनीय दिसते. मात्र प्यूसँ स्वतः बिसेत्रमध्ये आला तो गंडमाळेचा रुग्ण म्हणून, मनोरुग्ण म्हणून नव्हे; शिवाय त्याच्या व्यवस्थेत बरा झालेला रुग्ण हा सेवकच होता, बरोबरीचा सोबती नव्हे. म्हणून १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन पर्सिव्हल आदी माजी रुग्णांनी स्थापलेल्या ‘अलेज्ड ल्यूनॅटिक्स फ्रेंड सोसायटी’कडे आरंभाचा मान देणारे मत अधिक ग्राह्य वाटते, जरी तिचा भर सोबतीपेक्षा हक्कांवर होता.

विसाव्या शतकात दोन वाटा स्पष्ट झाल्या. शिकागोत १९३७ मध्ये अब्राहम लो या मनोविकारतज्ज्ञाने सुरू केलेले गट त्याने आखून दिलेली पद्धत पाळत. नेदरलँड्समध्ये १९८७ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या, कानात आवाज येणाऱ्यांच्या चळवळीतील गटांत मात्र आवाज खरा की भास हा वाद घातला जात नाही. तो केव्हा येतो, कोणासारखा वाटतो, काय बजावतो आणि तेव्हा इतरांनी काय केले, एवढेच बोलले जाते. पगारी कार्यकर्त्याच्या सेवेला अमेरिकेत जॉर्जिया राज्याने १९९९ मध्ये सरकारी वैद्यकीय साहाय्यातून मोबदला देऊ केला.

परिणामांबाबतचा पुरावा संमिश्र आहे. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१३ च्या कॉक्रन आढाव्यात (११ चाचण्या, २,७९६ व्यक्ती) असे कार्यकर्ते व्यावसायिक आरोग्यसेवकांपेक्षा सरस वा निरस ठरले नाहीत. इंग्लंडमधील ४४१ जणांच्या चाचणीत (२०१८) मात्र वर्षभरात पुन्हा तीव्र उपचारांची गरज पडणाऱ्यांचे प्रमाण असा आधार न मिळालेल्या गटात ३८ टक्के, तर मिळालेल्या गटात २९ टक्के आढळले.

महाराष्ट्रात पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात (१९८६) व्यसनमुक्त झालेले कार्यकर्ते आहेत. पुण्यातीलच स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्वमदत गट चालवते. मराठी गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ व त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. शुभंकरांचे गटही पुष्कळदा समानुभवी आधार याच नावाखाली मोजले जातात. काटेकोर व्याख्येनुसार ती शुभंकरांची आपसातील साथ असल्याने वेगळी धरावी लागते.