मिश्र द्रावकांतील विसरण : एका आकड्यात न मावणारा प्रश्न

पाणी आणि इथेनॉल एकमेकांत मिसळले की मिश्रण दोन्ही मूळ द्रवांपेक्षा अधिक श्यान, म्हणजे वाहायला अधिक जड, होते. २५ अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता सुमारे ०.८९ आणि इथेनॉलची सुमारे १.०७ मिलिपास्कल-सेकंद असते. मधल्या एका प्रमाणाला मात्र ती २.३ च्या आसपास जाते. अशा मिश्रणात विरघळलेल्या पदार्थाचे रेणू सामान्यतः दोन्ही शुद्ध द्रवांतल्यापेक्षा सावकाश पसरतात. शुद्ध द्रावकांतील दोन विसरण गुणांकांची, म्हणजे पदार्थ किती वेगाने पसरतो हे सांगणाऱ्या आकड्यांची, कोणतीही सरासरी त्या दोन आकड्यांच्या दरम्यानच पडणार, आणि खरा आकडा तर दोघांच्याही खाली असतो. मिश्र द्रावकांतील विसरणाचे भाकीत इतकी वर्षे का अडून राहिले, हे या एका उदाहरणावरून बरेचसे कळते.

द्रवांतील विसरणाची पद्धतशीर मोजणी थॉमस ग्रॅहम यांच्यापासून सुरू होते. क्षारांच्या द्रावणाच्या बाटल्या पाण्याने भरलेल्या मोठ्या पात्रात ठेवून, काही दिवसांत किती क्षार बाहेर आला हे त्यांनी १८५० च्या सुमारास मोजले. त्यातून पदार्थांची तुलना झाली, पण नियम हाती आला नाही. तो १८५५ मध्ये अडोल्फ फिक यांनी मांडला. पेशाने शरीरक्रियाशास्त्रज्ञ असलेल्या फिक यांनी फूरिए यांचे उष्णतावहनाचे समीकरण समोर ठेवले आणि पदार्थाचा प्रवाह संहतीच्या (द्रावणातील पदार्थाच्या दाटीच्या) उताराच्या प्रमाणात असतो, असे म्हटले. विसरण गुणांक ही राशी तेथून आली. पाण्यातील लहान रेणूंसाठी तिचे मूल्य साधारण १०⁻⁹ चौरस मीटर प्रति सेकंद एवढे असते. म्हणजे एक मिलिमीटर सरकायला आठएक मिनिटे, तर एक सेंटिमीटरला चौदाएक तास लागतात. जुन्या प्रयोगांना दिवसच्या दिवस का लागत, याचे उत्तर या हिशेबात आहे. शिवाय एवढ्या वेळात तापमानातील किरकोळ फरकानेही द्रवात प्रवाह उठतात आणि मोजणी बिघडते.

भाकिताचा पाया १९०५ मध्ये पडला. विल्यम सदरलँड आणि अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी स्वतंत्रपणे दाखवले की विसरण गुणांक तापमानाच्या सम प्रमाणात, आणि श्यानता व कणाची त्रिज्या यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. या सूत्राला द्रव हे अखंड माध्यम वाटते. विरघळलेला रेणू द्रावकाच्या रेणूपेक्षा बराच मोठा असेल तर ते चालून जाते. दोघे सारख्या आकाराचे असले की ते डळमळते. म्हणून अभियंत्यांनी अनुभवजन्य सूत्रांचा आधार घेतला. त्यांतले सर्वांत टिकाऊ सूत्र विल्के आणि चँग यांचे, १९५५ सालचे. त्यात द्रावकाच्या रेणूंचा आपसांतील बंध दाखवणारा एक गुणक आहे : पाण्यासाठी २.६, मिथेनॉलसाठी १.९, इथेनॉलसाठी १.५ आणि असा बंध नसलेल्या द्रावकांसाठी १. हा गुणक सिद्धांतातून निघालेला नाही, मोजमापांवर बेतलेला आहे. तरीही तो आजवर वापरात आहे, हे त्याच्या सोयीचे श्रेय म्हणावे लागेल.

मिश्रणासाठी १९६९ मध्ये पर्किन्स आणि जिअँकोप्लिस यांनी हाच धागा पुढे नेला. प्रत्येक द्रावकाचा गुणक आणि रेणुभार यांच्या गुणाकाराची मोल-अंशानुसार (मिश्रणातील रेणूंच्या संख्येतील वाट्यानुसार) सरासरी घ्यावी, पण श्यानता मात्र मिश्रणाचीच, प्रत्यक्ष मोजलेली वापरावी. वरच्या इथेनॉलच्या उदाहरणातील अडचण यामुळे बरीच सुटते. त्याआधी, १९६६ मध्ये, विन्य यांनी दोन द्रवांच्या परस्पर विसरणासाठी गुणोत्तरी सरासरीचा नियम दिला होता. जवळजवळ आदर्श, म्हणजे वेगवेगळे रेणू एकमेकांशी सारखेच वागतात अशा, मिश्रणांत तो चांगला बसतो, हायड्रोजन बंधांच्या मिश्रणांत तितकासा नाही.

मोजणीच्या बाजूला दरम्यान वेग आला होता. सच्छिद्र काचेच्या पडद्याची कोष्ठिका आणि प्रकाशाच्या व्यतिकरणावर आधारलेल्या पद्धती अचूक होत्या, पण संथ. जी. आय. टेलर यांनी १९५३ मध्ये वेगळीच वाट दाखवली : बारीक नळीतून सावकाश वाहणाऱ्या द्रवात पदार्थाचा छोटा ठिपका सोडला, तर नळीच्या मध्यावरचा वेगवान आणि कडेचा मंद प्रवाह त्याला ताणतो आणि आडवे विसरण तो ताण कमी करते. गंमत अशी की विसरण जितके मंद, तितका ठिपका रुंद. लांब केशनलिका आणि तिच्या टोकाला एक संवेदक एवढ्यावर काम भागत असल्याने, द्रावकाचे प्रमाण बदलून एकामागून एक मोजण्या घेणे शक्य झाले. मिश्र द्रावकांवर चालणाऱ्या द्रव क्रोमॅटोग्राफीला (वाहत्या द्रवाच्या साहाय्याने पदार्थ वेगळे करण्याच्या पद्धतीला) असे आकडे हवेच होते, कारण तेथे पदार्थाचे पट्टे किती रुंदावतील हे बऱ्याच अंशी विसरणावर ठरते.

मात्र दोन द्रावक आणि एक द्राव्य (विरघळलेला पदार्थ) अशी तीन घटकांची व्यवस्था असेल, तर काटेकोरपणे एक गुणांक पुरत नाही. ऑनसागर यांच्या १९३१ च्या सिद्धांतातून प्रवाह एकमेकांशी जोडलेले असतात हे स्पष्ट झाले होते, आणि १९५५ मध्ये बाल्डविन, डनलॉप व गोस्टिंग यांनी तीन घटकांच्या द्रावणांतील चार गुणांक (दोन प्रवाह, आणि प्रत्येकावर दोन उतारांचा परिणाम) प्रयोगातून काढण्याची समीकरणे दिली. द्राव्य सर्वत्र सारखे पसरलेले असूनही केवळ अल्कोहोलच्या उतारामुळे ते सरकू शकते, हे त्या चार गुणांकांमुळेच मांडता येते. द्राव्य अत्यंत विरळ आणि द्रावकाचे प्रमाण सर्वत्र एकच असेल, तेव्हाच एका आकड्यावर भागते. विल्के-चँग पद्धतीची सूत्रे त्याच मर्यादेत लागू होतात.

त्या मर्यादेतही एक गोष्ट उरते. द्राव्याचा रेणू आपल्याभोवती दोन्ही द्रावक प्रमाणशीर ठेवतोच असे नाही. एखाद्याला तो अधिक जवळ करतो, आणि मग त्याच्या भोवतालची श्यानता ही मिश्रणाची मोजलेली श्यानता राहत नाही. संगणकावरील रेणवीय गतिकीच्या अनुकरणात, म्हणजे रेणूंची हालचाल पायरीपायरीने गणून पाहताना, हा शेजार थेट पाहता येतो. मात्र तेथेही अनुकरणाची पेटी लहान असल्याने गुणांक कमी येतो, आणि २००४ मध्ये यी आणि हमर यांनी पाण्यासाठी तपासून दाखवलेल्या दुरुस्तीत पुन्हा द्रवाची श्यानताच घालावी लागते.