पन्हाळ्याचा घाट आणि बटणाचा ब्रेक

पन्हाळ्यावरून उतरताना वाघबीळला चहाला थांबलो होतो. गाडी मेहुण्याची, नवी, दोन सीटच्या मध्ये हँडब्रेकची दांडीच नसलेली. जागा उताराची होती. त्यानं ब्रेकचं बटण दाबलं, गाडी बंद केली, लॉक केली. निम्मा चहा झाला असेल-नसेल, तेवढ्यात त्या रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकांतून 'झ्यूंऽऽ' असा आवाज आला आणि लगेच थांबला. मामा कप ठेवून उठलेच. "चावी हितं, आत कोण न्हाई, मग वाजलं काय? म्हणून म्हणत हुतो दगड लाव. बॅटरी उतरली की सुटणार ह्यो ब्रेक!"

मामांनी चाकाला दगड लावला. चांगलंच केलं. पण त्यांनी दिलेलं कारण चुकीचं आहे, आणि हा गैरसमज मी इतक्या जणांकडून ऐकलाय की त्यावर सविस्तर लिहायला हवं.

आधी हिशेब मांडू. शंभर मीटर पुढे गेल्यावर वीस मीटर चढणारा रस्ता म्हणजे चांगलाच खडा. बाराशे किलोची गाडी अशा उतारावर उभी केली, तर तिला खाली ओढणारा जोर साधारण 235 किलो वजनाइतका असतो. युरोपसह अनेक देश पाळतात त्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत पार्किंग ब्रेकची कसोटी हीच आहे: पूर्ण भरलेली गाडी अशा वीस टक्के चढावर आणि उतारावर जागची हलता कामा नये. शिवाय ही पकड तेलाच्या दाबावर अवलंबून असून चालत नाही. पायाच्या ब्रेकचं तेल तासाभरात कुठून तरी थेंबभर मागे सरकू शकतं. गाडी रात्रभर धरून ठेवायची असेल तर घन, यांत्रिक अडकवण हवी. जुन्या दांडीत ती दातेरी पट्टी आणि खटका करतो. 'कर्रकर्र' आवाज येतो तो त्याचाच.

बटणाच्या ब्रेकमध्ये खटक्याची जागा एका स्क्रूनं घेतली आहे, आणि सगळी गंमत या स्क्रूतच आहे.

मागच्या चाकाला बिडाची डिस्क असते. तिच्या दोन्ही बाजूंना पॅड, आणि पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पाठीवर एक छोटी मोटर. मोटर वेगानं फिरते, गिअर तिचा वेग शेकडो पटींनी कमी करून जोर वाढवतात आणि शेवटी एक आट्यांचा दांडा हळूहळू फिरतो. दांड्यावरचा नट फिरू शकत नाही, म्हणून तो पुढे सरकतो आणि पिस्टनला आतून ढकलतो. पॅड डिस्कवर दीड-दोन टनांच्या जोरानं आवळले जातात. मग मोटरची वीज बंद होते. पूर्ण बंद. गाडी रात्रभर उभी असते तेव्हा ब्रेक धरून ठेवायला बॅटरीतून काहीही खर्च होत नाही.

मग नट मागे का येत नाही? दोन टनांनी दाबलेला पिस्टन त्याला उलटा ढकलत असतोच की.

आटे म्हणजे काय ते पाहा. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्याची तिरकी कड पेन्सिलीवर आट्यासारखी वळत जाते. आटा म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला घाटरस्ता. पन्हाळ्याला सरळ वर चढणं अवघड, म्हणून रस्ता डोंगराला वळसे घेत जातो. अंतर वाढतं, चढ सौम्य होतो. स्क्रूचंही तसंच. नऊ मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर एका फेऱ्यात दीड मिलिमीटर चढणारा आटा घेतला, तर या 'घाटाचा' कोन जेमतेम तीन अंश भरतो. पोलादावर पोलाद, मध्ये थोडं ग्रीस, अशा जोडीत घर्षणामुळे वस्तू घसरायला लागते ती साधारण आठ-साडेआठ अंशांच्या उतारावर. उतार तीन अंशांचा, घसरायला हवेत आठ. नटवर कितीही जोर आला तरी तो या घाटावरून आपण होऊन उतरत नाही, कारण जोर वाढतो त्याच प्रमाणात घर्षणही वाढतं. दाबणारा जितका दाबेल तितकं धरणारं धरेल! उतारावरची गाडी एका इवल्याशा उतारावर न घसरणाऱ्या नटनं थोपवलेली असते, हे लक्षात आलं त्या दिवशी मी किती तरी वेळ वहीवर तेच त्रिकोण काढत बसलो होतो.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. व्हाइस आवळून हात काढला तरी जॉब सुटत नाही. डिकीतला जॅक फिरवून गाडी उचलली आणि हँडल सोडलं, तरी गाडी खाली बसत नाही. तत्त्व तेच.

पुरेसं आवळलं हे मोटरला विजेवरून कळतं. भार वाढला की मोटर जास्त विद्युतप्रवाह ओढते, मिक्सरमध्ये घट्ट वाटण अडकल्यावर होतं तसं. ठरलेल्या आकड्याला प्रवाह पोचला की नियंत्रक तो तोडतो. म्हणजे ब्रेकला जोर प्रत्यक्ष मोजता येत नाही, तो प्रवाहावरून अंदाज बांधतो.

आता तो आवाज. घाट उतरताना ब्रेकनं डिस्क तापते. जास्त ताप पुढच्या चाकांना होतो, पण मागचीही तापतात. तापलेलं बीड फुगतं. दहा मिलिमीटर जाडीची डिस्क तीनशे अंशांवरून तीसवर आली, तर जाडीत सुमारे तीस मायक्रॉननं, म्हणजे मिलिमीटरच्या तीन शतांश भागानं, आक्रसते. पॅडही आक्रसतात. शिरोलीतल्या मशीनशॉपमध्ये तीस मायक्रॉन म्हणजे काय हे पोरंसोरं सांगतील. नट मात्र जागेवरच असतो, त्यामुळे गरम असताना आवळलेली पकड गार होता होता ढिली पडते. चालक गाडी लावतो, ती दहा मिनिटं निमूट उभी राहते आणि मग सरकते. हा धोका अभियंत्यांना माहीत आहे. म्हणून नियंत्रक ब्रेक किती वापरला यावरून डिस्कच्या तापमानाचा अंदाज बांधतो आणि गरज वाटली तर काही मिनिटांनी मोटर पुन्हा फिरवून पकड आवळतो. वाघबीळला वाजलं ते हेच.

काही गाड्यांना डिस्कऐवजी ड्रम असतो, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ डबा. त्यात याच्या उलट होतं. ड्रमचे शू, म्हणजे पॅडचं काम करणारे वाकडे तुकडे, आतून बाहेर दाबतात. तापून मोठा झालेला ड्रम गार होताना आत आक्रसतो आणि शूवर अधिक घट्ट बसतो. धातू तोच, आक्रसणंही तेच, पण एकीकडे पकड सुटते आणि दुसरीकडे वाढते. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना मागे ड्रमच असल्यामुळे गार होताना पकड ढिली होण्याची ही भानगड पूर्वी आपल्याला फारशी ठाऊक नव्हती.

बटणाचा ब्रेक कधी बिघडतच नाही असं नाही. 2017 साली टेस्लानं सुमारे 53 हजार गाड्या परत मागवल्या. याच ब्रेकमधलं एक लहान गिअर तुटण्याची शक्यता होती. पण धोका होता तो लागलेला ब्रेक न सुटण्याचा. त्याच्या आदल्या वर्षी टोयोटानं 3 लाख 40 हजार प्रियस परत मागवल्या, त्या पायानं लावायच्या, केबलच्या पार्किंग ब्रेकसाठी. आणि 2016 मध्येच फियाट क्रायस्लरनं 11 लाखांहून अधिक गाड्या परत मागवल्या, त्यात ब्रेकचा दोषच नव्हता. गिअरचा दांडा ढकलला की परत मधोमध यायचा आणि गाडी 'पी'मध्ये, म्हणजे उभी ठेवायच्या गिअरमध्ये, पडली की नाही हे हाताला कळायचं नाही. त्या वर्षीच्या जूनमध्ये अँटन येल्चिन हा तरुण अभिनेता घरच्या उतारावर, सरकत आलेली स्वतःचीच अशी गाडी आणि विटांचा खांब यांच्यामध्ये चिरडून गेला.

म्हणून गाडी सरकली की 'ती जागाच वाईट आहे' म्हणत तिथं लिंबू-मिरची बांधणं मला मनापासून खटकतं. त्यामुळे केबल किती ढिली होती, गिअर कुठला होता हे कुणी बघत नाही, आणि तीच गाडी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या उतारावर उभी राहते. लेहजवळच्या 'मॅग्नेटिक हिल'वर गाड्या चढावर चढताना दिसतात, तोही आजूबाजूच्या डोंगरांमुळे होणारा दृष्टिभ्रम आहे. रस्ता प्रत्यक्षात उताराचाच आहे. जाहिरातीतल्या 'ऑटो होल्ड'वरही विसंबू नका. सिग्नलला गाडी थांबवून धरणारी ती सोय तेलाच्या दाबावर चालते. दार उघडलं की बहुतेक गाड्या आपोआप खरा पार्किंग ब्रेक लावतात, पण डॅशबोर्डवरचा लाल दिवा बघितल्याशिवाय उतरू नये.

बॅटरीबद्दल मामांचं एक बरोबर होतं. गाडी लावण्याआधीच बॅटरी पूर्ण गेली असेल तर बटण दाबून काही होणार नाही. तेव्हा गिअर, रस्त्याच्या कडेकडे वळवलेली चाकं आणि दगड हाच उपाय. ब्रेक लागल्यावर बॅटरी गेली तर मात्र तो लागलेलाच राहतो, आणि सोडवायला दुसऱ्या गाडीवरून वीज घ्यावी लागते.

हे सगळं मामांना चहाच्या दुसऱ्या कपावर सांगितलं. "मग आता परत वाजंल का?" त्यांनी विचारलं. डिस्क गार झाली होती, वाजणार नव्हती. निघताना त्यांनी चाकाखालचा दगड काढून रस्त्याच्या पार कडेला नेऊन टाकला. घाटात असे विसरलेले दगड रात्री मोटरसायकलवाल्यांच्या जिवावर येतात.