वर्ल्ड एक्स्पो आणि स्पेशलाइज्ड एक्स्पो: दिवस ठरवण्याआधी फरक ओळखा

मिलानला 2015 मध्ये एक्स्पो, म्हणजे देशोदेशीच्या दालनांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन, झाला, अस्तानाला 2017 मध्ये. दोन्हींच्या नावात ‘एक्स्पो’ आणि साल होतं आणि दोन्हींना मान्यता पॅरिसच्या बीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेचीच होती. तरी ही दोन प्रदर्शनं वेगळ्या जातीची. मिलानचा वर्ल्ड एक्स्पो. असा एक्स्पो पाच वर्षांतून एकदा भरतो, सहा महिन्यांपर्यंत चालतो आणि त्याच्या जागेवर मर्यादा नसते. अस्तानाचा स्पेशलाइज्ड. तो दोन मोठ्या एक्स्पोंच्या मधल्या काळात येतो, तीन महिन्यांहून जास्त चालत नाही आणि 25 हेक्टरांच्या आतच बसवावा लागतो. जपानमधल्या ओसाकाच्या 2025 च्या वर्ल्ड एक्स्पोचं आवार 155 हेक्टर होतं. छोट्या एक्स्पोच्या अंदाजाने मोठ्यासाठी एक-दीडच दिवस ठेवला, की बराचसा वेळ चालण्यात आणि रांगेतच जातो.

खरा फरक मात्र दालनं कोण बांधतं यात आहे. मोठ्या एक्स्पोत देशाला मोकळा भूखंड घेऊन स्वतःची इमारत उभारता येते, त्यामुळे आत काय आहे याआधी इमारतच बघण्यासारखी असते. इतक्या देशांची वास्तुकला शेजारी शेजारी दुसरीकडे कुठे दिसणार? पण बांधकाम ज्याचं त्याचं, म्हणून उशीरही ज्याचा त्याचा. ओसाकाचा एक्स्पो 13 एप्रिलला सुरू झाला आणि नेपाळचं दालन उघडलं जुलैत. सुरुवातीच्या आठवड्यांत जाणाऱ्याने काही दारं बंद असतील हे धरूनच जावं.

स्पेशलाइज्ड एक्स्पोत आयोजक तयार दालनं बांधून देशांना देतो. बाहेरून ती बरीचशी एकसारखी दिसतात, आणि इमारती बघायला आलेल्यांचा तिथे हिरमोड होतो. मोबदल्यात विषय घट्ट धरलेला असतो: झारागोझा 2008 मध्ये पाणी, येओसू 2012 मध्ये समुद्र, अस्तानात ऊर्जा. सलग दहा दालनं एकाच प्रश्नाला कशी भिडतात हे तिथे नीट कळतं. त्या विषयात रस नसेल तर मात्र दुपारपर्यंत कंटाळा येईल. छोट्यासाठी दीड दिवस पुरतो, मोठ्यासाठी सलग तीन तरी हवेत.

मोठ्या एक्स्पोत तिकिटाहूनही वेळ महाग पडतो. ओसाकात प्रौढांचं एका दिवसाचं तिकीट 7,500 येन होतं, पण त्यात दालनांतला प्रवेश पक्का नव्हता. तिकीट काढा, येण्याची तारीख आणि वेळ नोंदवा, मग दालनांसाठी दोन महिने आधीची सोडत, सात दिवस आधीची सोडत, तीन दिवस आधीपासून उरलेल्या जागा आणि शेवटी आत शिरल्यावर त्याच दिवसाची नोंदणी, असे टप्पे होते. सोडतीत पाच पसंती देता येत. पाचही नावाजलेल्या दालनांना दिल्या, की हाती काहीच न लागण्याची शक्यता वाढते. दोन मोठी आणि तीन मधली दालनं टाकणं शहाणपणाचं. नोंदणी मिळालीच नाही, तर मोठ्या दालनाची रांग सकाळी आवार उघडताच किंवा अंधार पडल्यावर धरावी. मात्र दालनं मुख्य दाराच्या आधी बंद होतात, हे रात्री थांबणाऱ्यांच्या हमखास लक्षात राहत नाही.

भूखंडावर स्वतः बांधू न शकणारे देश मोठ्या एक्स्पोतही एका छताखाली जागा वाटून घेतात. ओसाकात या इमारतींना ‘कॉमन्स’ म्हणत. बहुतेक जण तिथून घाईने पुढे जातात, आणि नेमकी तीच चूक होते. रांग नसते, टेबलामागे त्या देशाचा माणूस उभा असतो आणि त्याच्याकडे बोलायला वेळ असतो. चकचकीत पडद्यांवरच्या फिल्मपेक्षा ही दहा मिनिटं जास्त काही देऊन जातात.

दालनादालनांत ठेवलेले आठवणीचे शिक्के वहीत उमटवून गोळा करायचे असतील तर शिक्का पूर्ण सपाट टेकवून चारही कडांवर दाब द्या, नाहीतर अर्धंच चित्र उमटतं. शाई ओली असताना वही मिटू नका. समोरच्या पानावर उलटा ठसा उठतो, म्हणून मध्ये टिपकागद ठेवा.

शेवटचे आठवडे टाळावेत. ओसाकात तेव्हा तिकीट हातात असूनही प्रवेशाची वेळ मिळेना, आणि कित्येकांची तिकिटं वापरलीच गेली नाहीत. शिवाय आवार शहराच्या टोकाला असेल तर सगळ्यांची परतीची वाटही एकच असते. 13 ऑगस्ट 2025 च्या रात्री मेट्रोची वीज गेली आणि हजारो लोकांनी रात्र आवारातच काढली. पाणी, पॉवर बँक आणि दुसऱ्या वाटेची माहिती घेऊनच निघावं. लांबलेल्या उन्हाळ्यात टोपीही हवीच, कारण रांगांवर सगळीकडे सावली नसते.

पुढचा छोटा एक्स्पो बेलग्रेडला, 15 मे ते 15 ऑगस्ट 2027, खेळ आणि संगीत या विषयावर. मोठा रियाधला, ऑक्टोबर 2030 ते मार्च 2031. योकोहामालाही 2027 मध्येच एक एक्स्पो आहे, पण तो फुलाझाडांचा, बागायती प्रकारातला. देशोदेशीच्या इमारती बघायच्या म्हणून त्याचं तिकीट काढू नका.